पावण्यांच्या जिवावर गाव किती चालणार?

दर मे महिन्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर एक वाद ठरलेला असतो. कोणीतरी मालवणजवळच्या तारकर्लीच्या रस्त्यावरच्या गाड्यांच्या रांगेचा फोटो टाकतं, मग मुंबईतले काका लिहितात की वाट लावली गावाची, आणि पाच मिनिटांत चुलतभावाचा रिप्लाय येतो की काका, तुम्ही गेलात मुंबईला नोकरी करायला, आम्हाला इथे बसून दोन पैसे मिळतायत तर ते तरी बघवू दे. यावेळी मी त्या वादात काहीच लिहिलं नाही कारण जे म्हणायचं होतं ते मेसेजमध्ये मावणारं नव्हतं. म्हणून इथे लिहितोय.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, पर्यटन नको असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. जे लोक म्हणतात की आधीचं गाव किती छान शांत होतं, त्यांनी ते शांत गाव आठवून बघावं. मालवण तालुक्यातलं ८०-९० च्या दशकातलं कुठलंही गाव घ्या, घरात म्हातारी माणसं, बायका आणि पोरं. कर्ता माणूस मुंबईला, गिरणीत नाहीतर कुठे पोर्टवर, परळ-लालबागच्या गाववाल्यांच्या खोलीत राहून महिन्याला मनीऑर्डर पाठवणारा. १९८२ चा गिरणी संप झाला तेव्हा त्याची झळ मुंबईपेक्षा कमी नाही बसली इकडे. म्हणजे आमचं गाव बाहेरच्या पैशावर तेव्हाही चालत होतं. मग १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, पुढच्याच वर्षी कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, एमटीडीसीने, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाने, तारकर्लीला जम बसवला, घरातच पावण्यांना ठेवायची न्याहारी निवासची योजना आली, आणि हळूहळू स्कूबा, पॅरासेलिंग, डॉल्फिन सफारी, सगळं आलं.

आणि त्यामुळे पोरं परत आली हे मी डोळ्यांनी बघितलंय. माझ्याबरोबर शाळेत असलेले दोघंजण आधी मुंबईत कुरियर कंपनीत होते, आज गावात राहून स्कूबाचं काम करतात, समुद्राखाली लोकांचा हात धरून प्रवाळ दाखवतात. ज्या समुद्रात बापाने जाळं टाकलं त्याच समुद्रात मुलगा गाइड झाला आणि रात्री स्वतःच्या घरी झोपतो, हे छोटं नाही. तसंच आमच्या वहिनीचं. लग्न होऊन आली तेव्हा घरात पैशाचा सगळा व्यवहार सासऱ्यांकडे. आता तीन खोल्यांचा होमस्टे तिच्या नावावर आहे, पैसे तिच्या खात्यात येतात, बुकिंगचे फोन तीच घेते, आणि परवा मुलीच्या इंजिनियरिंगच्या फीचा पहिला हप्ता तिने कोणाला न विचारता भरला. काकांना हे दिसत नाही, त्यांना फक्त गाड्या दिसतात.

पण.

वहिनीच्याच स्वयंपाकघरात बसून एकदा मी हिशोब काढला, सहज म्हणून, ती मासे साफ करत होती आणि मी विचारत होतो. सुरमईची थाळी चारशेच्या घरात. आता बघा त्या थाळीत गावचं काय आहे. सुरमई मालवण बंदरावरच्या लिलावातली, ठीक, ती आपली. नारळ घरचा. कोकम आत्याने उन्हात वाळवलेलं. पण तांदूळ दुकानातला, कारण खालची शेती पडीक टाकलीय. कांदा, बटाटा, टोमॅटो, कोथिंबीर घाटावरून ट्रकने आलेलं. दूध पिशवीचं, तेही घाटावरचंच. गॅस, तेल, पाण्याच्या बाटल्या सगळं बाहेरचं. बुकिंग ॲपवरून आलं असेल तर त्यांचं कमिशन वेगळं. चादरी धुवायला बाई मिळत नाही म्हणून लॉन्ड्रीला टाकायच्या. एवढं सगळं जाऊन जे उरतं ते उरतंच, मी नाही म्हणत नाही, पण गावात पैसा आला म्हणजे गावात पैसा राहिला असं नसतं. आणि हा झाला स्वतःचं घर, स्वतःची विहीर, स्वतःचा स्वयंपाक असलेला होमस्टे. मोठ्या रिसॉर्टमध्ये मालक बाहेरचा, मॅनेजर बाहेरचा, कामाला नेपाळ नाहीतर उत्तर प्रदेशातली पोरं, तिथे गावाच्या वाट्याला येतं काय तर सफाईची आणि वॉचमनची नोकरी. त्या परप्रांतीय पोरांवर माझा राग नाही, ती पण आमच्या आजोबांसारखीच घर सोडून आलीयत. प्रश्न एवढाच की ज्याच्या जागेवर हे उभं आहे त्याला काय मिळालं.

आता मला सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट, जी कुठल्याच पर्यटन परिषदेत कोणी बोलताना ऐकली नाही. कॅलेंडर.

आपल्याकडे मासेमारी बंद कधी? १ जून ते ३१ जुलै. पावसाळा, माशांच्या प्रजननाचा काळ, बरोबरच आहे. आणि वॉटर स्पोर्ट्स, सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणारी होडी वाहतूक हे बंद कधी? मेच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑगस्ट संपेपर्यंत. म्हणजे ज्या महिन्यांत समुद्रातून काही मिळत नाही नेमके त्याच महिन्यांत पर्यटनातूनही काही मिळत नाही. जोडधंदा म्हणतात तो असा हवा की एक हात रिकामा असताना दुसरा चालेल, इथे दोन्ही हात एकदम रिकामे होतात. आधी या महिन्यांत काय होतं, तर भातशेती. जूनमध्ये तरवा म्हणजे भाताची रोपं, जुलैत लावणी, दसऱ्या-दिवाळीच्या आसपास कापणी. घरापुरता तांदूळ निघायचा, गुरांना गवत मिळायचं, विकायला फार नसायचं पण पावसाळा निघायचा. तेच नेमकं सुटलं. माकडं आणि रानडुकरं हे पण कारण आहे, मजुरी परवडत नाही हे पण आहे, सगळा दोष पर्यटनावर टाकणार नाही. पण कापणीच्या वेळेला दिवाळीचा सीझन सुरू होतो, घरातली सगळी माणसं पावण्यांच्या मागे, कोण विळा घेऊन मळ्यात उतरणार? एक वर्ष राहिलं, दोन वर्षं राहिलं, मग बांध फुटतो, गवत माजतं आणि चौथ्या वर्षी मुलगा म्हणतो की तिथे पार्किंग करूया.

आमची आत्या जुन्या वळणाची, एका वाक्यात सांगते. "पावसात पावणे नाय, मासो नाय, भात पण नाय, मगे आमी खातलव काय?"

२०२० आणि २०२१ आठवा. मार्च २०२० ला लॉकडाऊन लागला म्हणजे एप्रिल-मेचा अख्खा सीझन गेला. लोकांनी म्हटलं ठीक आहे, पुढच्या मेला भरून काढू. पुढच्या मेला कोरोनाची दुसरी लाट आणि वरून १६ मेला तौक्ते वादळ, मालवण-देवबागच्या किनाऱ्यावरच्या घरांची कौलं उडाली, माड पडले, कित्येक दिवस लाईट नाही. लागोपाठ दोन मे. आणि मे म्हणजे ज्यांनी रूम बांधायला कर्ज काढलंय त्यांच्या वर्षभराच्या हप्त्यांचा महिना. तेव्हा आमच्या गावात मी एक फरक नीट बघितला. ज्याच्याकडे होडी आणि जाळी होती त्याला मासेमारीला परवानगी मिळाल्यावर थोडं का होईना सुरू करता आलं, ज्याच्याकडे शेतीचा तुकडा चालू होता त्याच्या घरात निदान तांदूळ होता. आणि ज्याने होडी विकून रूम बांधल्या होत्या, एसी लावले होते, त्याच्याकडे बँकेचे फोन होते. एकाने तर मला विचारलेलं की मुंबईत काही काम असलं तर बघ. म्हणजे पन्नास वर्षं फिरून पुन्हा तिथेच.

पुढच्याच वर्षी, २४ मे २०२२ ला, तारकर्लीजवळ स्कूबाची बोट उलटली आणि दोन पर्यटक गेले. त्यांच्या घरच्यांच्या दुःखापुढे आमच्या धंद्याची गोष्ट करणं बरोबर नाही, पण हे तरी दिसायला हवं की एका बोटीवरचा हलगर्जीपणा पूर्ण किनाऱ्याच्या पोटावर येतो. लाईफ जॅकेट, बोटीत किती माणसं भरायची, याबाबत जो नियमाने चालतो त्याचाही धंदा बंद आणि जो चालत नाही त्याचाही. सगळं गाव एकाच धंद्यावर उभं राहिलं की असंच होणार.

आता रापण. ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो. एक होडी किनाऱ्यावरून निघते, समुद्रात अर्धगोल मारत जाळं टाकत जाते आणि दुसरीकडे किनाऱ्याला लागते. मग दोन्ही टोकांना माणसं. पाय वाळूत रोवून, मागे रेलून, तालात, इंच-इंच करून ते जाळं ओढायचं, तास-दोन तास पण जातात. जसजसं जाळं जवळ येतं तसतशी दोन्हीकडची माणसं एकमेकांकडे सरकत जातात, वर घारी फिरायला लागतात, बायका पाट्या घेऊन येतात. तारली असेल, बांगडा असेल, कधी नुसता पेडवा, कधी काहीच नाही. आणि जे मिळेल त्याचे वाटे. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, ओढणाऱ्याचा वाटा. म्हातारा माणूस ज्याला आता समुद्रात जाणं जमत नाही तो पण दोरीला हात लावतो आणि त्याच्या पिशवीत रात्रीच्या कालवणापुरते मासे पडतात. शाळेत असताना मी पण ओढलीय, सकाळचे चार बांगडे घरी नेले की आई खूष. गावातला सगळ्यात गरीब माणूस उपाशी राहू नये याची सोय यात आपोआप होती, कुठलीही सरकारी योजना न लागता.

या रापणीला लागतं काय? मोकळा किनारा. लांबच लांब, जिथे खुर्च्या नाहीत, जेटस्की नाही, पार्क केलेल्या बोटी नाहीत. रापणवाल्यांचं पर्ससीनवाल्यांशी, म्हणजे मोठ्या यांत्रिक बोटींनी माशांच्या थव्याला जाळ्यात घेरणाऱ्यांशी, भांडण जुनं आहे, फेब्रुवारी २०१६ मध्ये सरकारने पर्ससीनवर निर्बंध घातले त्यामागे इथल्या पारंपरिक मच्छीमारांनी दिलेला लढा होता. समुद्रातून आलेल्या संकटाशी ते लढले. पण किनाऱ्यावरून येणाऱ्या गर्दीशी कसं लढायचं, कारण त्या गर्दीत आपलाच भाऊ जेटस्की चालवतोय. रापण ओढताना पर्यटक येतात, फोटो काढतात, काहीजण दोरीला हात पण लावतात, छान वाटतं त्यांना. पण त्याच वेळी पॅरासेलिंगची बोट दोरीवरून जाते तेव्हा जाळं फाटतं आणि त्या दिवसाचे वाटे गेले. माझ्या मते ज्या गावाने पर्यटनासाठी रापण घालवली त्या गावाने फायद्याचा सौदा केलेला नाही, कितीही रूम बांधल्या तरी.

आणि रूम तरी कोण बांधू शकतो? ज्याची जागा त्याचा होमस्टे. आमच्याकडे सातबारा उघडला की वीस-पंचवीस नावं, अर्धे हिस्सेदार मुंबईत, काही तर वारल्यावर वारसनोंद पण झालेली नाही. बँक विचारते सगळ्यांची संमती आणा. गाबीत या मच्छीमार समाजातली कित्येक घरं पिढ्यानपिढ्या किनाऱ्यावर आहेत पण खालची जमीन त्यांच्या नावावर नाही, म्हणजे कर्ज नाही, लायसन्स नाही. २०१९ च्या सीआरझेड (किनाऱ्यावरच्या बांधकामाच्या नियमांच्या) अधिसूचनेत स्थानिकांना आहे त्या घरात, प्लिंथ एरिया म्हणजे जोत्याचं क्षेत्रफळ न वाढवता होमस्टे करायला वाव दिलाय, चांगली गोष्ट आहे ती. पण आहे ते घरच दोन खोल्यांचं असेल तर पावण्याला कुठे ठेवणार आणि स्वतः कुठे झोपणार? त्यामुळे होतं असं की समुद्राला खेटून राहणारा मच्छीमार राहतो बाजूला, आणि एजंट मुंबईतल्या एका हिस्सेदाराला गाठतो, त्याचा हिस्सा लिहून घेतो, मग दुसऱ्याचा, आणि एक दिवस गावाला कळतं की माडाच्या बागेला कंपाउंड पडलंय आणि समुद्रावर जायची पाणंद बंद झालीय. पलीकडे गोव्यात किनाऱ्यावरच्या गावांत काय झालं ते आमच्याकडची पोरं रोज बघून येतात, सावंतवाडी-दोडामार्ग-वेंगुर्ल्यातून किती जण बाइकवरून तिकडे हॉटेलात कामाला जातात. किनारा तोच पण त्यावर गावाचा हक्क किती उरलाय हे त्यांना विचारा.

तोंडवळी-वायंगणीला सी वर्ल्ड हा समुद्री जीवांवरचा मोठा पर्यटन प्रकल्प येणार होता तेव्हा गावकऱ्यांनी जमीन द्यायला विरोध केला, तर त्यांना विकासविरोधी म्हणून झालं. मला तेव्हाही वाटत होतं आणि आताही वाटतं की त्यांचं बरोबर होतं. जमीन गेली की मग तुम्ही स्वतःच्याच गावात कामाला.

अजून एक वर्ग आहे ज्याच्याबद्दल कोणी बोलत नाही, ज्याचा पर्यटनाशी काहीच संबंध नाही पण जो गावात राहतो. शाळेतले मास्तर, एसटीतून रिटायर झालेला माणूस, एकटी राहणारी विधवा म्हातारी. यांना पर्यटनातून एक रुपया येत नाही. पण मेमध्ये सुरमईचा भाव त्यांच्यासाठीही तोच, रिक्षाचं भाडं तेच, दवाखान्यात जायचं तर ट्रॅफिक तोच. आणि पाणी. देवबागचा नकाशा बघा, एका बाजूला कर्लीची खाडी, दुसऱ्या बाजूला अरबी समुद्र, मध्ये वाळूची एक चिंचोळी पट्टी आणि त्यावर गाव. अशा वाळूत पावसाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, पातळ थर असतो तो. हंडा-कळशीने काढत होतो तोवर पुरत होतं. आता प्रत्येक रूमला शॉवर, टाकीला मोटर, आणि मोटरने जास्त उपसलं की खालचं खारं पाणी वर चढतं. त्यात वाळूतलेच शोषखड्डे, विहिरीपासून किती अंतरावर ते कोण मोजतं? ज्याच्याकडे पैसे आलेत तो टँकर मागवतो, आरओ बसवतो. त्या म्हातारीने काय करायचं? तिची विहीर तर शेजारच्या मोटरने खारी झाली.

कचऱ्याचं पण तेच. ग्रामपंचायतीची घरपट्टी गावच्या लोकसंख्येच्या हिशोबाने, आणि कचरा सीझनला येणाऱ्या सगळ्या गर्दीचा.

मग बरं चाललंय ते कुठे? मला वेळास आवडतं. मंडणगड तालुका, नाना फडणवीसांचं गाव. तिथे २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी वाचवायला सुरुवात केली, पिल्लं समुद्रात जाताना बघायला लोक येऊ लागले, आणि राहायची सोय लोकांच्या घरात. सीझन फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत, तेवढाच. त्यामुळे आंबा-सुपारीची बाग सोडून कोणी पूर्णवेळ हॉटेलवाला झाला नाही, आणि कासव टिकलं तरच पावणे येणार हे प्रत्येक घराला माहीत. साताऱ्याच्या कास पठारावर, जे २०१२ ला जागतिक वारसा यादीत आलं, तिथे फुलांच्या सीझनला दिवसाला किती माणसं सोडायची यावर मर्यादा आहे आणि प्रवेश शुल्काचं काम आजूबाजूच्या गावांच्या वनसमित्यांकडे, गावातलीच पोरं ड्युटीला. गर्दीची तक्रार तिथेही आहेच, पण निदान गेटवर गाव उभं आहे. आमच्याच जिल्ह्यात वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका होडी वल्हवत कांदळवनाची सफर घडवतात, ज्या खाडीत त्या आधीपासून जात होत्या तीच खाडी, तीच होडी. या सगळ्या ठिकाणी पर्यटन गावाच्या कामाला येऊन जोडलं गेलंय, त्याच्या जागी येऊन बसलेलं नाही. माझं म्हणणं एवढंच आहे.

भावाला मी हेच सांगतो. त्याचा मुलगा आता वरच्या मजल्यावर अजून चार रूम काढायच्या म्हणतोय, कर्ज मंजूर होईल असं बँकेवाला बोललाय. मी म्हटलं, दोन काढ. उरलेल्या पैशात खालचा बांध घालून घे आणि निम्म्या मळ्यात तरी लावणी कर, वहिनीला थाळीत घरचा तांदूळ घालता येईल आणि पावसाळ्यात कोणाच्या तोंडाकडे बघावं लागणार नाही. होडी विकू नको, चालवायला कोणी नसेल तर वाट्याने दे. तो लगेच हो म्हणाला नाही, म्हणाला की चार रूमचे पैसे बघ आणि दोन रूमचे बघ. हिशोब त्याचा चुकीचा नाही, पण त्यात जून-जुलै-ऑगस्ट धरलेले नाहीत आणि २०२० पण धरलेलं नाही.

ग्रामसभेत मात्र आम्ही दोघं एकाच बाजूला आहोत. तीन मागण्या लिहून दिल्यात. रापणीच्या पट्ट्यात सकाळी वॉटर स्पोर्ट्सच्या बोटी लावायच्या नाहीत, तो पट्टा खांब रोवून दाखवायचा. एप्रिल-मेमध्ये गावातल्या सगळ्या विहिरींचं पाणी तपासून त्याचा निकाल पंचायतीच्या फळ्यावर लावायचा आणि जिथे खारं लागलं तिथल्या मोटरींना तास ठरवून द्यायचे. आणि प्रत्येक रूममागे सीझनला काहीतरी रक्कम पंचायतीत भरायची, जी फक्त कचरा आणि पाण्यावरच खर्च होईल. तिसऱ्या मागणीला होमस्टेवाल्यांचाच जास्त विरोध आहे, त्यात आमची वहिनी पण आहे, तिचं म्हणणं आधी रिसॉर्टवाल्यांकडून घ्या मग आमच्याकडे या. मला ते पटतं. पुढच्या सभेत तसंच मांडणार आहोत, मोठ्यांना जास्त दर, तीन खोल्यांपर्यंत कमी. किनाऱ्यावरच्या दुसऱ्या गावांत कोणी असं काही करून बघितलं असेल, दर कसे ठरवले, वसुली कोण करतं, तर खाली नक्की लिहा, आम्हाला सभेत दाखवायला उपयोगी पडेल.